लिनक्सवर वेब सर्व्हरचा कोअर डंप मिळवायचा कसा

अपाची किंवा एनजिनएक्सची एखादी वर्कर प्रोसेस अधूनमधून मरते, मुख्य प्रोसेस लगेच तिच्या जागी दुसरी उभी करते, आणि एरर लॉगमध्ये ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढीच नोंद उरते. साइट चालूच राहते, फक्त काही लोकांचे कनेक्शन मध्येच तुटते. दोष कोणत्या मॉड्यूलमध्ये आहे हे त्या नोंदीवरून कळत नाही. ते कळायला मरत्या क्षणी प्रोसेसच्या मेमरीत काय होते ते बघावे लागते. कर्नल त्या मेमरीची जी प्रत काढून ठेवतो, तिला कोअर डंप म्हणतात.

ही प्रत बहुतेक मशीनवर आपोआप मिळत नाही. वाटेत चार अडथळे आहेत: कोअर फाइलच्या आकाराची मर्यादा, प्रोसेसवरची ‘डंप करू नये’ ही खूण, कर्नलला दिलेला पत्ता, आणि त्या पत्त्यावर लिहिण्याची परवानगी व जागा. यांतला एकही आडवा आला तर डंप मिळत नाही, आणि का मिळाला नाही हे वेब सर्व्हरचा लॉग सांगत नाही. म्हणून शेवटी मुद्दाम एक वर्कर पाडून बघायची पायरी आहे, ती गाळू नका.

या लेखात कमांड, फाइलींची नावे आणि सेटिंग उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगने टाका. सगळ्या कमांड रूट म्हणून किंवा सुडो लावून चालवायच्या आहेत.

आधी खात्री करा की हा डंपचाच मामला आहे

प्रोसेस मरण्याचे प्रत्येक कारण डंप देत नाही. सिग्नल ११ (सेगमेंटेशन फॉल्ट), ६ (अबॉर्ट), ७ (बस एरर), ८ (चुकीचे गणित) आणि ४ (चुकीची सूचना) यांवर कर्नल डंप काढतो. सिग्नल ९ आणि १५ यांवर काढत नाही. मेमरी संपल्यावर कर्नल जी प्रोसेस मारतो ती सिग्नल ९ नेच मारतो. म्हणून लॉगमध्ये ९ दिसत असेल तर इथेच थांबा, ‘जर्नलसीटीएल -के’ चालवा आणि त्यात ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. तो आजार वेगळा, त्याचा इलाजही वेगळा.

अपाचीच्या एरर लॉगमधले दोन कोड ओळखून ठेवा. एएच०००५२ म्हणजे चाइल्ड प्रोसेस (मुख्य प्रोसेसने उभी केलेली वर्कर) सिग्नलने मेली, पण डंप निघाला नाही. एएच०००५१ म्हणजे डंप निघाला असावा. त्या ओळीच्या शेवटी ‘पॉसिबल कोअरडंप इन’ असे लिहून एक डिरेक्टरी दिलेली असते. ती डिरेक्टरी अपाचीच्या सेटिंगमधली असते. फाइल खरोखर तिथेच पडली असेल असे नाही, ते कर्नलच्या पत्त्यावर ठरते. एनजिनएक्समध्ये ‘वर्कर प्रोसेस अमुक एक्झिटेड ऑन सिग्नल ११’ अशी ओळ येते आणि डंप निघाला असेल तर पुढे कंसात ‘कोअर डंप्ड’ असते. तो कंस नसेल तर पुढचे सगळे तुमच्यासाठी आहे.

कर्नलला दिलेला पत्ता बघा

‘कॅट /प्रॉक/सिस/कर्नल/कोअर_पॅटर्न’ चालवा. उत्तर तीन प्रकारचे असू शकते.

नुसता ‘कोअर’ असा शब्द आला, तर फाइल त्या प्रोसेसच्या चालू डिरेक्टरीत पडते. डेमनची, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हिसची, चालू डिरेक्टरी बहुधा रूट म्हणजे ‘/’ असते आणि तिथे वर्करच्या युजरला लिहिता येत नाही. परिणाम: डंप नाही.

‘/’ ने सुरू होणारा पूर्ण पत्ता आला, तर फाइल तिथे पडते. मात्र ती डिरेक्टरी आधीपासून असावी लागते, कर्नल ती बनवून देत नाही.

पहिलेच चिन्ह उभी रेघ म्हणजे पाइप असेल, तर कर्नल डंप फाइलमध्ये न लिहिता एका प्रोग्रामला देतो. फेडोरा आणि रेड हॅट घराण्यात तो प्रोग्राम सिस्टिमडी-कोअरडंप असतो, उबुंटूवर बहुधा अपोर्ट. अपोर्ट पॅकेजमधून आलेल्या प्रोग्रामपुरता ठीक आहे. तुम्ही स्वतः कंपाइल केलेला वेब सर्व्हर असेल तर ‘हा कुठल्या पॅकेजचा नाही’ असे ‘/व्हार/लॉग/अपोर्ट.लॉग’ मध्ये नोंदवून तो रिपोर्ट सोडून देतो. डंप कुठे गेला म्हणून शोधणाऱ्या अनेकांचे पाणी इथेच मुरते.

नवख्यांनी सिस्टिमडी-कोअरडंपचा मार्ग घ्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. तो डंप दाबून लहान करतो, जागेची मर्यादा पाळतो, जुने डंप काढून टाकतो आणि कोणती प्रोसेस कधी कशाने मेली याची यादी ठेवतो. शिवाय डंप लिहिणारा प्रोग्राम वेब सर्व्हरच्या युजरखाली चालत नसल्याने परवानग्यांची निम्मी कटकट मिटते. डेबियन आणि उबुंटूवर ‘एपीटी इन्स्टॉल सिस्टिमडी-कोअरडंप’ करा आणि कोअर_पॅटर्न पुन्हा वाचा. त्यात अजून अपोर्टच दिसत असेल तर ‘सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ अपोर्ट’ करून ‘सिससीटीएल --सिस्टिम’ चालवा. अपोर्टची सर्व्हिस सुरू होताना प्रत्येक वेळी हा पत्ता स्वतःचा करून घेते, त्यामुळे ती चालू ठेवून नुसता पत्ता बदलण्यात अर्थ नाही.

आकाराची मर्यादा उठवा

जुन्या लेखांत ‘युलिमिट -सी अनलिमिटेड’ टर्मिनलवर चालवा किंवा ‘/ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ’ मध्ये ओळ घाला असे सांगितलेले असते. सिस्टिमडीने (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) सुरू होणाऱ्या सर्व्हिसवर या दोन्हींचा काही परिणाम होत नाही. पहिली कमांड फक्त त्या शेलपुरती आणि त्यातून सुरू केलेल्या प्रोसेसपुरती असते. दुसरी फाइल पॅम ही लॉगिनची व्यवस्था वाचते, म्हणजे लॉगिन करणाऱ्या माणसांसाठी. वेब सर्व्हर लॉगिन करत नाही.

योग्य जागा सर्व्हिसच्या युनिटमध्ये, म्हणजे सिस्टिमडी वाचतो त्या तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये आहे. ‘सिस्टिमसीटीएल एडिट अपाची२’ चालवा. रेड हॅटवर नाव एचटीटीपीडी, आणि एनजिनएक्ससाठी त्याचेच नाव. उघडलेल्या फाइलमध्ये दोन ओळी टाका:

[सर्व्हिस]
लिमिटकोअर=इन्फिनिटी

रोमनमध्ये लिहिताना सर्व्हिसचा एस मोठा. ‘लिमिटकोअर’ मधला एल मोठा आणि ‘कोअर’ ची चारही अक्षरे मोठी. सिस्टिमडी अक्षरांच्या लहानमोठेपणाला फार काटेकोर आहे. चुकलेले नाव तो जर्नलमध्ये एक इशारा देऊन दुर्लक्षित करतो आणि सर्व्हिस जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. फाइल जतन केल्यावर सर्व्हिस रिस्टार्ट करा. रीलोड पुरत नाही, कारण ही मर्यादा मुख्य प्रोसेस जन्मताना लागते आणि चाइल्डना तिच्याकडून वारशाने मिळते.

रिस्टार्ट करणे शक्यच नसेल, तर चालू प्रोसेसची मर्यादाही बदलता येते: ‘पीआरलिमिट --पीआयडी अमुक --कोअर=अनलिमिटेड’. इथे आणि पुढच्या कमांडमध्ये ‘अमुक’ च्या जागी प्रोसेसचा क्रमांक म्हणजे पीआयडी टाका. ही कमांड मुख्य प्रोसेसवर एकदा आणि सध्याच्या प्रत्येक चाइल्डवर एकदा चालवा. नुसत्या चाइल्डवर चालवलीत तर नव्याने जन्मणाऱ्या चाइल्ड जुनीच मर्यादा घेऊन येतील.

एनजिनएक्समध्ये आणखी एक वाट आहे. मुख्य कॉन्फिगरेशन फाइलमध्ये, इव्हेंट्स आणि एचटीटीपी या ब्लॉकच्या बाहेर, ‘वर्कर_आरलिमिट_कोअर २जी;’ अशी ओळ टाका. वर्कर अजून रूट असतानाच ही मर्यादा लावतो, त्यामुळे युनिटमध्ये काहीही असले तरी ती चालते, आणि तिला रीलोडही पुरतो. आकडा वर्करच्या मेमरीपेक्षा लहान दिलात तर फाइल मध्येच कापली जाते. अर्धी फाइल जीडीबी (डंप वाचायचा डीबगर) उघडेल खरी, पण नेमका स्टॅकच गायब असेल.

खात्री अंदाजाने करू नका. ‘पीग्रेप -यू’ पुढे वर्करचा युजर (डेबियनवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, रेड हॅटवर अपाची किंवा एनजिनएक्स) देऊन एका वर्करचा पीआयडी घ्या आणि ‘ग्रेप कोअर /प्रॉक/अमुक/लिमिट्स’ चालवा. ‘मॅक्स कोअर फाइल साइझ’ च्या ओळीत पहिल्या रकान्यात ० नसला पाहिजे. पाइपला डंप देताना कर्नल ही मर्यादा लावत नाही हे खरे, पण सिस्टिमडी-कोअरडंप स्वतः ती बघतो आणि ० असेल तर डंप साठवत नाही. म्हणून पाइप असला तरी ही पायरी सोडू नका.

‘डंप करू नये’ ही खूण

वेब सर्व्हर रूट म्हणून सुरू होतो, ८० आणि ४४३ हे पोर्ट धरतो आणि मग वर्करना साध्या युजरवर उतरवतो. असा युजर बदलला की कर्नल त्या प्रोसेसवर खूण करतो. कारण सरळ आहे: जिने कधी रूटची मेमरी पाहिली, तिची प्रत साध्या युजरच्या हाती लागू नये. ही खूण काय असावी हे ‘एफएस.एसयूआयडी_डंपेबल’ ठरवते. मूळ किंमत ०, म्हणजे डंप नाही. १ म्हणजे सगळ्यांचा डंप. हे असुरक्षित आहे, प्रत्यक्ष साइट चालवणाऱ्या मशीनवर ठेवू नका. २ म्हणजे डंप निघेल पण तो फक्त रूटला वाचता येईल, आणि कोअर_पॅटर्नमध्ये पूर्ण पत्ता किंवा पाइप असेल तरच निघेल.

सिस्टिमडी-कोअरडंपच्या अलीकडच्या आवृत्त्या स्वतःच २ लावतात. ‘सिससीटीएल एफएस.एसयूआयडी_डंपेबल’ ने तपासा. ० दिसले तर ‘/ईटीसी/सिससीटीएल.डी/६०-कोअर.कॉन्फ’ ही फाइल बनवून तीत ‘एफएस.एसयूआयडी_डंपेबल=२’ लिहा, ‘सिससीटीएल --सिस्टिम’ चालवा आणि वेब सर्व्हर रिस्टार्ट करा. खूण युजर बदलतानाच लागते. आधीच उतरलेल्या वर्करना नवी किंमत दिसत नाही.

वेब सर्व्हर स्वतःही ही खूण पुसू शकतात. एनजिनएक्सचा वर्कर युजर बदलल्यावर ते आपोआप करतो. अपाची करतो, पण एका अटीवर: कॉन्फिगरेशनमध्ये ‘कोअरडंपडिरेक्टरी’ हे सेटिंग स्पष्टपणे लिहिलेले हवे. हे २.०.४६ आवृत्तीपासून असे आहे. त्यामुळे कर्नलचा पत्ता पाइपकडे जात असला आणि त्या डिरेक्टरीत एकही फाइल पडणार नसली, तरी अपाचीत ही ओळ लिहिणे फायद्याचे आहे.

पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी वेगळी सर्व्हिस) वापरत असाल तर मरणारी प्रोसेस बहुधा वेब सर्व्हरची नसून त्याची असते, आणि तिथे दोन वेगळी सेटिंग आहेत. पूलच्या फाइलमध्ये ‘आरलिमिट_कोअर = अनलिमिटेड’ आणि ‘प्रोसेस.डंपेबल = येस’. दुसरे अनेक जण विसरतात, आणि मर्यादा अनलिमिटेड दिसत असूनही डंप का नाही म्हणून डोके धरून बसतात.

खूण पुसली गेली की नाही हे बघायची सोपी युक्ती आहे. ‘एलएस -एल /प्रॉक/अमुक/लिमिट्स’ चालवा आणि मालक बघा. वर्करचा युजर दिसला तर खूण पुसलेली आहे. रूट दिसला तर ती अजून आहे, आणि मग डंप निघणे एसयूआयडी_डंपेबलच्या किमतीवर अवलंबून राहते. पीआयडीच्या डिरेक्टरीचा मालक बघून फसू नका; तो दोन्ही वेळा वर्करचा युजरच दिसतो. आतल्या फाइलचाच बघा.

पाइप नको, थेट फाइल हवी असेल तर

काही मशीनवर सिस्टिमडी-कोअरडंप बसवता येत नाही. तिथे असे करा. ‘/व्हार/कोअर्स’ ही डिरेक्टरी बनवा, मालकी वर्करच्या युजरला द्या आणि परवानगी ७०० ठेवा. वर बनवलेल्या ६०-कोअर.कॉन्फमध्ये ‘कर्नल.कोअर_पॅटर्न=/व्हार/कोअर्स/कोअर.%ई.%पी.%टी’ ही ओळ घाला. %ई म्हणजे प्रोग्रामचे नाव, %पी म्हणजे पीआयडी, %टी म्हणजे १९७० पासूनचे सेकंद. %पी आणि %टी नसतील तर नवा डंप जुन्यावरच लिहिला जाऊ शकतो. अपाचीत कोअरडंपडिरेक्टरीला हीच डिरेक्टरी द्या, एनजिनएक्समध्ये ‘वर्किंग_डिरेक्टरी’ ला.

या मार्गात तीन खड्डे आहेत. पहिला, /टेंप. वेब सर्व्हरच्या युनिटमध्ये बहुधा ‘प्रायव्हेटटेंप’ चालू असते, आणि पूर्ण पत्ता मरणाऱ्या प्रोसेसच्या नजरेतून वाचला जातो. /टेंप दिलात तर फाइल ‘सिस्टिमडी-प्रायव्हेट’ ने सुरू होणाऱ्या लांबलचक नावाच्या डिरेक्टरीत जाऊन पडते आणि सर्व्हिस थांबली की पुसली जाते. दुसरा, ‘प्रोटेक्टसिस्टिम=स्ट्रिक्ट’. युनिटमध्ये हे असेल तर /व्हारसुद्धा वर्करला फक्त वाचण्यापुरते मिळते; ‘रीडराइटपाथ्स=/व्हार/कोअर्स’ जोडा. तिसरा, एसईलिनक्स, म्हणजे साध्या परवानग्यांच्या वरचा सुरक्षेचा थर. रेड हॅटवर साध्या परवानग्या बरोबर असूनही तो लिहू देत नाही. ‘ऑसर्च -एम एव्हीसी’ मध्ये नकार दिसेल. डिरेक्टरीला ‘एचटीटीपीडी_सिस_आरडब्ल्यू_कंटेंट_टी’ हे लेबल ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ ने नोंदवा आणि ‘रिस्टोअरकॉन -आर’ ने लावा. एसईलिनक्सच बंद करून टाकणे हा उपाय नव्हे.

कंटेनरमध्ये वेब सर्व्हर चालत असेल तर लक्षात ठेवा की कोअर_पॅटर्न संपूर्ण मशीनचा एकच असतो, कंटेनरपुरता वेगळा ठेवता येत नाही. पाइप असेल तर प्रोग्राम होस्टवर चालतो. पूर्ण पत्ता असेल तर फाइल कंटेनरच्या आत पडते आणि कंटेनर काढून टाकला की तीही जाते. डॉकरमध्ये मर्यादेसाठी ‘--युलिमिट कोअर=-१’ द्यावे लागते.

जागा किती लागेल

डंपचा आकार ढोबळमानाने वर्करने प्रत्यक्ष व्यापलेल्या मेमरीएवढा असतो. ३०० एमबीचा वर्कर तासाला २० वेळा मरत असेल तर थेट फाइलच्या मार्गाने तासाला ६ जीबी भरतात, आणि डिस्क भरली की मग साइटच बंद पडते. म्हणून डंपची डिरेक्टरी शक्यतो वेगळ्या पार्टिशनवर ठेवा. मधल्या रिकाम्या जागांमुळे ‘एलएस’ खऱ्यापेक्षा मोठा आकार दाखवू शकतो, खरा आकार ‘डीयू’ सांगतो. सिस्टिमडी-कोअरडंपमध्ये ‘/ईटीसी/सिस्टिमडी/कोअरडंप.कॉन्फ’ या फाइलीत ‘मॅक्सयूज’ ने एकूण जागा आणि ‘प्रोसेससाइझमॅक्स’ ने एका डंपची मर्यादा ठरते. नेहमीच्या मांडणीत काही दिवसांनी डंप आपोआप पुसले जातात, तेव्हा महत्त्वाचा डंप लगेच बाजूला काढा.

पीएचपीचा ओपकॅश (कंपाइल केलेल्या स्क्रिप्टचा साठा) सामायिक मेमरीत असतो आणि तोही प्रत्येक डंपमध्ये येतो. ‘/प्रॉक/अमुक/कोअरडंप_फिल्टर’ ची नेहमीची किंमत हेक्स ३३ असते. ती ३१ केली की सामायिक मेमरी वगळली जाते आणि फाइल बरीच लहान होते. पण संशय पीएचपीवरच असेल तर हे करू नका. कोणत्या स्क्रिप्टच्या कोणत्या ओळीवर प्रोसेस मेली हे शोधायला तोच भाग लागतो.

मुद्दाम पाडून बघा

गर्दी कमी असलेली वेळ निवडा. एका वर्करचा पीआयडी घ्या, मुख्य प्रोसेसचा नव्हे, आणि ‘किल -एसईजीव्ही अमुक’ चालवा. त्या वर्करवर चालू असलेली सगळी कनेक्शन तुटतील. अपाचीच्या इव्हेंट प्रकारात एका चाइल्डमध्ये अनेक थ्रेड असतात, त्यामुळे ती संख्या लहान नसते.

आता ‘कोअरडंपसीटीएल लिस्ट’ बघा. शेवटच्या ओळीत तुमचा पीआयडी आणि सिग्नल ११ दिसला पाहिजे, आणि ‘कोअरफाइल’ रकान्यात ‘प्रेझेंट’. तिथे ‘नन’ असेल तर घटना नोंदली गेली पण मेमरी साठवली नाही, म्हणजे वेबसर्व्हरची मर्यादा ० आहे किंवा कोअरडंप.कॉन्फमध्ये ‘स्टोरेज=नन’ आहे. ‘ट्रंकेटेड’ म्हणजे आकाराच्या मर्यादेमुळे कापला गेला. ओळच नसेल तर डंप प्रोग्रामपर्यंत पोचलाच नाही: खूण आणि कोअर_पॅटर्न पुन्हा तपासा. थेट फाइलच्या मार्गात /व्हार/कोअर्स मध्येच बघा.

डंप उघडा

उघडण्याआधी डिबग सिंबॉल लागतात, नाहीतर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे येतात. फेडोरावर ‘डीएनएफ डीबगइन्फो-इन्स्टॉल एचटीटीपीडी’, डेबियन आणि उबुंटूवर नावाच्या शेवटी ‘-डीबीजीसिम’ असलेली पॅकेज. ती चालू बायनरीच्या नेमक्या आवृत्तीची हवीत. डंप निघाल्यावर पॅकेज अपडेट केलेत तर नवी बायनरी आणि जुना डंप जुळत नाहीत, जीडीबी इशारा देतो आणि दाखवलेली नावे चुकीची असू शकतात. म्हणून तपास संपेपर्यंत अपडेट थांबवा, किंवा जुनी बायनरी आणि तिची मॉड्यूल डंपशेजारी जपून ठेवा.

‘कोअरडंपसीटीएल डीबग अमुक’ चालवा. जुन्या आवृत्तीत ‘डीबग’ ऐवजी ‘जीडीबी’. थेट फाइल असेल तर ‘जीडीबी /यूएसआर/एसबिन/अपाची२’ आणि पुढे डंपचा पत्ता. आत ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी फुल’ टाका. यातून बॅकट्रेस मिळतो, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची यादी; तिची एकेक पायरी म्हणजे फ्रेम. वाचायला ० क्रमांकाच्या फ्रेमपासून सुरुवात करा. वरच्या फ्रेममध्ये ‘रेझ’ आणि ‘अबॉर्ट’ असतील तर प्रोग्रामने स्वतःच हात टेकले आहेत. कारण त्यांच्या खालच्या फ्रेममध्ये सापडते. तेच फंक्शन हजारो फ्रेममध्ये पुन्हा पुन्हा येत असेल तर न थांबणाऱ्या रिकर्शनने स्टॅक संपला आहे. आणि चाचणीच्या डंपमध्ये बहुधा ‘ईपोल_वेट’ वर उभा असलेला वर्कर दिसेल. तो दोष नाही, सिग्नल आला तेव्हा तो कामाची वाट बघत होता इतकेच. तो डंप पुसून टाका.

खरा डंप हाती आल्यावर तो जपून हाताळा. त्यात टीएलएसची खाजगी किल्ली, लोकांच्या सेशन कुकी, फॉर्ममधून आलेले पासवर्ड, सगळे उघड्या रूपात असू शकते. तो वेब सर्व्हरच्या डॉक्युमेंट रूटखाली कधीही ठेवू नका. मॉड्यूलच्या लेखकांना दोष कळवताना सबंध डंप न पाठवता बॅकट्रेसचा मजकूर पाठवा, आणि तोही आधी वाचून बघा: ‘बीटी फुल’ मध्ये चलांच्या किमती येतात आणि त्यांत एखादी कुकी सापडू शकते. तपास संपला की डंप पुसा आणि लिमिटकोअरची ओळ काढून सर्व्हिस रिस्टार्ट करा. क्रॅश क्वचितच होत असेल तर ओळ राहू द्यायला हरकत नाही, फक्त मॅक्सयूजचा आकडा डिस्कला पेलणारा ठेवा.